पान सत्तावीसवरचं वाक्य

मी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं. एकशे अठ्ठावीस पानांची रहस्यकथा, आणि मुखपृष्ठावर नाव दुसऱ्याचं. आता ती कुणाच्या माळ्यावरही सापडणार नाही आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही, कारण ती चांगली नव्हतीच. टेकडीवरचा बंगला एका जुन्या पुस्तकातून उचललेला, मृत्युपत्र दुसऱ्यातून, गुप्तहेर तिसऱ्यातून. त्या गुप्तहेराची विचार करताना नखं कुरतडायची सवयसुद्धा मी कुठूनतरी ढापलेली होती. अशी पुस्तकं तेव्हा ढिगाने निघत आणि लोक विसरून जात. हेही विसरले. फक्त माझ्या वडिलांनी ते मनावर घेतलं, आणि मी ते लिहिलं होतं तेही त्यांच्यासाठीच.

बाबा कापडगिरणीत मागावर होते. संप होऊन तीन वर्षं उलटली होती आणि गिरणी काही त्यांना परत बोलवत नव्हती. आम्ही कांजूरमार्गला एका बैठ्या चाळीत राहायचो. आई शिवणकाम करायची, मी घाटकोपरला एका छापखान्यात कंपोझिटर होतो. बाबा सकाळी पाणी भरायचे, आईला बाजार आणून द्यायचे आणि मग ओट्यावर पुस्तक घेऊन बसायचे. शाळा चौथीपर्यंत, तीही गावी. पण गिरणीत रहस्यकथा पाळीपाळीने फिरायच्या, पहिल्या पाळीतला माणूस दुसऱ्या पाळीतल्याच्या हातात पुस्तक ठेवूनच बाहेर पडायचा. वीस-बावीस वर्षं हा अभ्यास चाललेला. आमच्या स्टेशनजवळच्या वाचनालयातल्या बाईंना नवीन पुस्तक आलं की बाबांना आधी विचारावं लागे, ठेवू का परत पाठवू.

त्यांची एक पद्धत होती. पुस्तक बरोबर निम्म्यावर आलं की ते बोट घालून मिटायचे आणि आत तोंड करून आईला खुन्याचं नाव सांगायचे. "आयकलंस? बायकोच्या भावान मारल्यान. लक्षात ठेव." आई मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "व्हय, ठेवलंय." पुस्तक संपलं की बाबा तिला विचारायचे, मी काय सांगितलं होतं. आईला वाचायला येत नव्हतं. पण त्या चाळीत तिच्याइतके खुनी कुणाला माहीत नसतील. बाबा क्वचितच चुकायचे, आणि चुकले तर दोन दिवस खुशीत असायचे. हे मला लहानपणी कळायचं नाही. नंतर कळलं की ते सगळी पुस्तकं चुकण्याच्याच आशेवर वाचत होते.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांना डावीकडून आलेला माणूस दिसेनासा झाला. दारातली बादली पायाला लागायची, शेजारच्या पोरीला धक्का लागायचा, आणि बाबा तिलाच ओरडायचे. मी त्यांना पालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेलो. काचबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरांनी नीट समजावलं. कडेची नजर गेली ती परत येत नाही. थेंब चुकवायचे नाहीत. मधली नजर सगळ्यात शेवटी जाते, पण ती किती दिवस राहील ते सांगता येणार नाही. बाबांनी एवढ्या सगळ्यातला "शेवटी" हा एकच शब्द उचलला.

घरी आल्यावर त्यांनी वाचायला घेतलेलं पुस्तक वीस पानांत बाजूला फेकलं. "ह्यां मी वाचलेलां आसा," ते म्हणाले. मी पाहिलं, पुस्तक कोरं करकरीत, त्याच महिन्यातलं. "नावां तेवडी बदललेली," बाबा म्हणाले. "होच बंगलो, हीच म्हातारी, हीच बंद खोली. डोळे जावचे आधी एक तरी बरां वाचूक गावतलां काय नाय, देवाक ठाव." चिडून बोलले, पण बोलताना त्यांचा आवाज फुटला. आईने मशीन थांबवलं. मी दोन-तीन दिवस धड जेवलो नाही. मला बाकी काही करता येत नव्हतं, ना त्यांची नोकरी परत आणता येत होती ना डोळे. माझ्या डोक्यात एकच येऊन बसलं, की बाबांना एक खुनी असा द्यायचा जो त्यांना सापडणार नाही. लवकर द्यायचा, दिसतंय तोवर.

आमच्या छापखान्यात दर महिन्याला एक रहस्यकथा निघायची. तिचे ठरलेले लेखक नेमके कावीळ होऊन गावी निघून गेले. "वाट लागली," मालक म्हणाले, "आठ फर्मे रिकामे आहेत आणि जाहिरात करून बसलोय." मी म्हटलं, मी लिहितो. मालकांनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "लिही. नाव त्यांचंच जाईल. आणि एक लक्षात ठेव, थांबायला वेळ नाही."

थांबायला वेळ नाही म्हणजे काय ते इथे सांगायला हवं. सोळा पानांचा एक फर्मा. आमच्याकडे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जेमतेम एका फर्म्याला पुरतील एवढेच. म्हणजे सोळा पानं जुळवायची, छापायची, आणि लगेच ते खिळे सोडवून परत पेटीतल्या घरांत टाकायचे, तेव्हा कुठे पुढची सोळा जुळवता यायची. मागे जाऊन काही बदलायचं म्हटलं तर बदलायला काही उरलेलंच नसायचं, फक्त छापलेल्या कागदांचा गठ्ठा. लेखक पूर्ण हस्तलिखित देतात म्हणून हे चालतं. मी मात्र दुपारी चार पानं लिहायचो आणि तीच उभ्याउभ्या जुळवायचो. शेवट कसा होणार ते मलाच ठाऊक नव्हतं.

मला वाटलं होतं, एवढी वर्षं दुसऱ्यांच्या रहस्यकथा जुळवतोय, एक आपलीही सुचेल. कसलं काय! कागद समोर घेतला की जुनीच पुस्तकं आठवायची. पहिल्या फर्म्यात बंगला आला आणि सगळे नातेवाईक मृत्युपत्र ऐकायला जमले. दुसऱ्यात मी एक दिवाणजी आणले, त्यांचा उजवा हात लहानपणापासून लुळा. हा हात एका फार जुन्या पुस्तकातला, तिथे त्या हातामुळे एक निरपराध माणूस सुटतो. तिसऱ्यात बंगल्याच्या मालकिणीचा खून. पान एक्केचाळीस, गळ्यावर दहा बोटांचे वळ. हे वळ दुसऱ्याच एका पुस्तकातले. दोन्ही गोष्टी आपापल्या घरी सुखाने नांदत होत्या, मी त्यांना उचलून एका छपराखाली आणलं. खुनी म्हणून मी फॅमिली डॉक्टरला धरलं होतं, कारण डॉक्टरवर कोण संशय घेणार.

चार फर्मे छापून झाल्यावर मला धीर धरवेना. मी ते दुमडून घरी आणले आणि बाबांना म्हटलं, हे बघा, पुढच्या महिन्याचं आहे. मी लिहिलंय हेही सांगून टाकलं. त्यांनी कागद हातात घेतले, नाकाजवळ नेऊन शाईचा वास घेतला आणि ओट्यावर उन्हात जाऊन बसले. दोन दिवस लागले. चौसष्टाव्या पानावर त्यांनी बोट घातलं आणि आत तोंड केलं. मी तिथेच भाजी निवडत बसलो होतो.

"डॉक्टर," बाबा म्हणाले.

आई म्हणाली, "व्हय." तिने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली. बाबांनी कागद नीट घडी करून माझ्या हातात दिले. "बरां लिवलंस," ते म्हणाले. मला ते ऐकवेना. फेकून दिले असते तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात जाऊन वेड लागल्यासारखं लिहिलं. डॉक्टर नको. मालकिणीचा पुतण्या नको, त्याला बाबा आठव्या पानापासून ओळखून असणार. बंगल्यात उरलेल्या माणसांत ज्याच्यावर बाबांचं लक्ष अजिबात गेलं नसेल असा कोण, तर दिवाणजी. मी दिवाणजींना खुनी केलं. जुनं वैर, लपवलेलं मृत्युपत्र, सगळं चार फर्म्यांत कोंबलं. हाताचं मला आठवलंच नाही. लोकांना वाटतं कंपोझिटरने पुस्तक सगळ्यात बारकाईने वाचलेलं असतं. उलट आहे. आम्ही एकेक खिळा उलटा बघून लावतो, ओळ भरली की ती विसरतो. दुसऱ्या फर्म्याचे खिळे कधीच सोडवले होते, आणि त्यांच्याबरोबर तो लुळा हातही माझ्या डोक्यातून गेला होता.

पुस्तक बांधून आलं ते मी संक्रांतीच्या आदल्या दिवशी बाबांना दिलं. त्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी घरात शिरतो तर बाबा ओट्यावर उभे, पुस्तक छातीशी. "दिवाणजी!" ते ओरडले, इतक्या जोरात की समोरच्या खोलीतल्या काकू बाहेर आल्या. "माझ्या झिलान माका फसवल्यान! सगळ्या पुस्तकात माका दिवाणजी दिसलोच नाय!" मग ते चाळभर सांगत सुटले. नळावर, वाण्याला, वाचनालयातल्या बाईंना. संपानंतर मी त्यांना एवढं हसताना पाहिलं नव्हतं. मी त्या आठवड्यात छाती काढून चालत होतो, खोटं कशाला सांगू.

हे सगळं आठवडाभर चाललं. मग एका सकाळी बाबांनी चहा घेताना सहज विचारलं, "त्येचो उजवो हात लुळो होतो मां रे?"

माझ्या हातातली बशी तशीच राहिली. दहा बोटं. मला सगळं एकदम दिसलं. एका हाताचा माणूस दहा बोटांनी गळा दाबून गेला होता आणि एकशे अठ्ठावीस पानांत त्यावर अवाक्षर नव्हतं.

मी काही बोलायच्या आधी तेच म्हणाले, "तो हात बरो आसा ह्यां खंयतरी लिवलेलां असतलां. माझ्या नजरेतसून सुटलां. बघतंय परत."

आता सांगायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं, बाबा, माझी चूक झाली. ते हसले असते, पुस्तकाला शेंडा ना बुडखा म्हणून चार शिव्या दिल्या असत्या आणि नवीन पुस्तक आणायला गेले असते. मी "हं" म्हटलं आणि चहा संपवला.

बाबांनी पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं, तो हात शोधत. मग वाचनालयातून भिंग मागून आणलं आणि तिसऱ्यांदा वाचलं. ऊन ओट्यावर असेल तेवढा वेळ ते बसायचे, ऊन सरकलं की पाट सरकवायचे. एकेक ओळ बोटाखाली धरून. डोळ्यांतून पाणी यायचं, ते टिपायचे आणि पुन्हा तीच ओळ. आई म्हणाली, "पुरे आता, डोळे फोडून घ्याल." बाबा तिच्यावर खेकसले, "माका दिसना नाय तां शोधूक नको?" संध्याकाळी कपाळ दाबत पडून राहायचे. मी कामावरून येऊन थेंब घालायचो, आणि ते वर बघत म्हणायचे, "पान सांगू नको हां. माझां मी शोधतंय." एवढा विश्वास त्यांचा. पुस्तकात असणारच, मुलाने लिहिलंय म्हणजे असणारच. नाही सापडत तर डोळ्यांचा दोष. मला रोज वाटायचं उद्या सांगू. आणि रोज कुणीतरी चाळीतला माणूस मला हटकून विचारायचा, "काय रे, बापाला चकवलंस म्हणे?" मी हसायचो.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी बाबांनी हार मानली. भिंग आईच्या शिवणाच्या डब्यावर ठेवलं, पुस्तक माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "वाच तूच. दुसऱ्या फर्म्यापासून."

मी वाचायला लागलो. पान सतरा, अठरा. बाबा डोळे मिटून ऐकत होते, मान किंचित तिरकी.  खरं सांगायची ही शेवटची संधी आहे हे मला नक्की कळत होतं. सत्ताविसाव्या पानावर दिवाणजी पोस्टमनकडून पत्र घेतात. तिथे मी थांबलो आणि पुस्तकात नसलेलं एक वाक्य वाचलं. "पत्र फोडताना दिवाणजींचा उजवा हात क्षणभर खिशातून बाहेर आला आणि आपल्याकडे कुणी पाहत नाही ना हे बघून पुन्हा आत गेला."

बाबांनी डोळे उघडले. "परत वाच बघूया."

मी परत वाचलं. एक शब्दही बदलला नाही. मला वाटलं, सुटलो. गोष्ट जुळली, त्यांना त्यांचा धागा मिळाला, आता ते भिंग परत जाईल आणि घरात हसणं येईल. खरंच मला वाटलं मी चांगलं काहीतरी केलं.

 बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला आणि माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. "तीन वेळा वाचलंय ह्यां पान," ते म्हणाले. "भिंग घेवन. ह्यां वाक्य माका दिसलांच नाय." त्यांनी आईकडे तोंड वळवलं. "गेले गो माझे डोळे."

मी म्हटलं, बाबा, असं नाही, एखादी ओळ सुटते कुणाचीही. ते म्हणाले, "येक ओळ नाय रे. खूनच सुटलो." त्या दिवसानंतर त्यांनी पुस्तक हातात धरलं नाही. वाचनालयातलं नाव स्वतः जाऊन काढून आले. सकाळी पाणी भरून झालं की ओट्यावर नुसते बसायचे. कुणी पेपर पुढे केला की म्हणायचे, "माका दिसना नाय." आणि त्यांना पेपर देणाऱ्याच्या शर्टाची बटणं दिसत होती.

मार्चमध्ये डॉक्टरांनी बोलावलं होतं. डॉक्टरांनी त्यांच्या हातात वाचायचं कार्ड दिलं आणि बाबांनी ते खालच्या सगळ्यात बारीक ओळीपर्यंत घडाघडा वाचलं. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "आजोबा, मधली नजर छान आहे अजून. वाचत जा, भरपूर वाचा." मी बाबांकडे पाहिलं. वाटलं, आता तरी पटेल. बाहेर बसच्या रांगेत उभे राहिल्यावर मी म्हटलं, "ऐकलंत ना बाबा? वाचायला सांगितलंय." त्यांनी हात झटकला. "डॉक्टराक काय कळता! कार्डावरची अक्षरां मोठी. पुस्तकात काय झालां तां मी बघलंय." डॉक्टरपेक्षा माझ्या वाक्यावर त्यांचा भरवसा जास्त होता. रांग पुढे सरकली, बस आली, मी त्यांचा हात धरून त्यांना आत चढवलं. 

मधली नजर गेली ती गणपतीच्या सुमारास. आधी उजवा डोळा, मग पंधरा दिवसांत डावा. पुढे त्यांना उजेड-अंधार एवढंच कळायचं.

त्यानंतर दोन वर्षांनी मी त्यांना सांगितलं. दुपारची वेळ होती, आई बाजारात गेली होती. मी त्यांची नखं काढत होतो. त्यांचा पंजा माझ्या हातात होता आणि मला आणखी ते सहन होईना. मी म्हटलं, "बाबा, ते सत्तावीस पानावरचं वाक्य पुस्तकात नव्हतं. मी तिथल्या तिथे रचून वाचलं. हाताचं मी विसरलो होतो."

त्यांनी हात काढून घेतला नाही. ते म्हणाले, "म्हणजे तेवा माका सगळां दिसत होतां."

"होय."

"गणपतीपर्यंत?"

"होय बाबा."

सहा-सात महिने. वाचनालयात तेवढ्या दिवसांत किती पुस्तकं आली असतील ते त्यांनाच माझ्यापेक्षा नीट माहीत. ते दाराच्या दिशेने तोंड करून बसले होते, जिथे ओटा होता. "मगे तेवाच कित्याक नाय सांगलंस?"

या प्रश्नाची मी दोन वर्षं तयारी केली होती. तुमचं मन मोडायचं नव्हतं, तुम्ही दुःखी झाला असतात, असं बरंच काही. ते सगळं सोडून मी खरं ते सांगितलं. "तुम्ही चाळभर सांगत होतात, माझ्या मुलाने मला चकवलं म्हणून. मला ते ऐकायला आवडत होतं."

बाबांनी मान हलवली, समजलं अशा अर्थी. मग दुसरा हात पुढे केला, त्याची नखं राहिली होती.